नऊ सेकंदांचा तपास

माझा प्रश्न साधा होता. नऊ सेकंद गेले कुठे?

छत्री हरवली तर माणूस परत हॉटेलात जाऊन विचारतो. चष्मा हरवला तर तो बहुधा कपाळावरच सापडतो. पण सेकंद हरवले तर कुठे जाऊन विचारायचं? दुसरा कोणी असता तर त्याने सुस्कारा सोडून विषय मिटवला असता. मी, प्रभाकर खैरनार, सिल्वासातल्या सुताच्या कारखान्यात बावीस वर्षं गुणवत्ता तपासनीस आहे. कोनावरचा, म्हणजे शंकूसारख्या रिळावरचा, धागा केसभर जाड आला तरी तो कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत आणि कोणाच्या डुलकीमुळे जाड झाला हे मी शोधून काढतो. तेव्हा माझ्या स्वतःच्या मुलीचे नऊ सेकंद मी असे वाऱ्यावर सोडून देणं शक्य नव्हतं.

मधुरा, आमची एकुलती एक, बारावीत आहे. शर्यतीची सायकल चालवते. आमच्या केंद्रशासित प्रदेशाच्या संघात मुलींच्या दोन जागा होत्या आणि त्यासाठी दोन चाचण्या ठेवल्या होत्या. दहा किलोमीटरचा सपाट रस्ता, एकेकीला एकटीच सोडायची, घड्याळ लावायचं. पहिल्या चाचणीत मधुरा तिसरी आली, दुसरीपेक्षा नऊ सेकंदांनी मागे. मी शेवटच्या पट्टीजवळ उभा होतो. ती आली तेव्हा तिची निळी जर्सी पाठीवर वाऱ्याने अशी भरली होती की माझा ऊर भरून आला.

"काय झेंड्यासारखी फडकतेय बघ!" मी बायकोला म्हणालो.

दुसरी चाचणी तीन आठवड्यांनी होती आणि ती शेवटची; निवड तिच्यावरूनच ठरणार होती. ऐन जोशात मीच एकदा घरात जाहीर करून बसलो होतो की संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर सायकल माळ्यावर आणि मधुरा अभ्यासाच्या टेबलावर. बापाने एकदा बोललेलं मागे घ्यायचं म्हणजे घरातलं गुरुत्वाकर्षणच जातं, म्हणून मी ते मागे घेतलं नाही.

त्या रात्री जेवताना मधुराने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबा. माझ्यातच दम नाही."

हे मला लागलं. अगदी आत लागलं. पण बापाला लागलं की तो ओरडतो, तसा मीही ओरडलो. "दम नाही हे कोणी मोजलं? रीडिंग कुठेय? रीडिंग नसताना माल नापास करायचा नसतो!"

"अहो, ती माल नाही," भारती म्हणाली. भारती माझी पत्नी. शाळेत शिकवते, त्यामुळे घरात शेवटचं वाक्य तिचं असतं.

मी रात्रभर विचार केला. दम मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, पण सायकल मोजता येण्यासारखी होती. मधुराची सायकल नाशिकच्या एका खेळाडूने वापरून झालेली, अल्युमिनियमची. बाकीच्या मुलींकडे नव्या, चपट्या दांड्यांच्या, हवा कापत जाणाऱ्या सायकली होत्या. शर्यतीत सगळ्यात मोठा शत्रू हवा, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. तेव्हा दोष सायकलचा आहे हे आकड्यांनी सिद्ध केलं की माझ्या मुलीच्या डोक्यातून ते 'दम नाही' कायमचं निघून जाईल, एवढाच माझा हेतू होता. पुढे जे झालं त्याला हेतू जबाबदार नाही.

तुलनेसाठी हवा कापणारी सायकल हवी होती आणि ती शेजारीच होती. कल्पेशभाईंचा प्लास्टिक दाण्यांचा कारखाना आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं तेव्हा त्यांनी कार्बनची एक जबरदस्त सायकल आणली. ती घेऊन ते दोनदा चालले. दोनदा चालवली असं मी म्हणत नाही, कारण दोन्ही वेळेला ते ती हातात धरून घरी आले होते. तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळत असत.

"अरे प्रभाकरभाई, घेऊन जा ने!" कल्पेशभाई टॉवेल काढत म्हणाले. "पण मी पण येणार हां. माझी सायकल एकटी नाय जाणार."

टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत सल्ला मागावा लागत नाही, तो दुधाच्या पिशवीबरोबर सकाळी दाराशी येतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी टायरमध्ये नायट्रोजन भरायला सांगितलं. एका निवृत्त गृहस्थांनी चाचणीआधी तीन दिवस मुलीला फक्त मुगाचं कढण द्या म्हणून बजावलं. आमच्या कारखान्यातला मेंटेनन्सचा फोरमन नवनाथ, धुळ्याकडचा, तो म्हणाला, "साहेब, हवा मोजू राहिले का तुम्ही? आमच्याकडे मिरच्या वाळू घालतो तेव्हा हवा मोजतो आम्ही. मिरची उडाली का हवा जास्त!" आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायडाबाईसुद्धा मागे राहिल्या नाहीत. "ताईंची ती निळी जर्सी दोरीवर घातली का चार चिमटे लावले तरी वारा घेऊन जातो. दोरीच ओढतीय वो," त्या म्हणाल्या. मी त्यांना नवीन चिमटे आणून द्यायचं कबूल केलं आणि परत विज्ञानाकडे वळलो.

माझी पद्धत निर्दोष होती. वासोण्याच्या अलीकडे एक चांगला लांब उतार आहे आणि खाली सपाट रस्ता. माथ्यावर पांढरी पट्टी मारायची. तिथून सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही. खालच्या मोरीपासून पुढे ती आपणहून किती मीटर जाऊन थांबते ते मोजायचं. जी लांब जाईल तिला हवा कमी अडवते. दोन्ही सायकलींच्या दहा-दहा फेऱ्या, स्वार एकच, टायरमध्ये हवेचा दाब सारखा. कल्पेशभाईंची सायकल दोन किलोने हलकी होती, म्हणून तिला दोन किलो प्लास्टिक दाण्यांची पिशवी बांधायची.

"मी बसते ना बाबा," मधुरा म्हणाली.

"उत्पादन खात्याने स्वतःचा माल स्वतः तपासायचा नसतो," मी म्हणालो. शिवाय त्या रविवारी तिचा सराव पेपर होता. स्वार मीच होणार होतो. वय चौपन्न, वजन ब्याऐंशी. नमुना जड असला की रीडिंग स्थिर येतं.

आता रस्ता सार्वजनिक, तेव्हा परवानगी हवी. माझ्यासारखा माणूस परवानगीशिवाय उतारावरून खाली येत नाही. एका कार्यालयातल्या एका खिडकीपाशी मी अर्ज दिला. आतल्या गृहस्थांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मान हलवली.

"सायकली किती?"

"दोन."

"रॅलीला कमीत कमी पंचवीस लागतात. वरात आहे का?"

"नाही."

"मिरवणूक?"

"मी एकटाच असणार."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कॅमेरा असणार का?"

"मोबाईलवर टिपून घेणार आहोत."

"मग आधी सांगायचं ना! चित्रीकरण." त्यांनी गुलाबी फॉर्म पुढे सरकवला. त्यात 'कथानकाचा सारांश' असा रकाना होता. मी खोटं लिहीत नाही. मी लिहिलं, 'एक मध्यमवयीन गृहस्थ सायकलवरून उतारावरून खाली येतो. पुन्हा वर जातो. असे वीस वेळा.'

"शेवट?" त्यांनी विचारलं.

"शेवट अजून हाती आलेला नाही."

"शोकांत लिहितो," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही उतारावर पोहोचलो. भारती खुर्ची, छत्री आणि वही घेऊन आली होती. वहीत फेरी, सायकल, अंतर, शेरा असे चार रकाने मी स्वतः आखून दिले होते. नवनाथ माथ्यावर सायकल धरायला, कल्पेशभाई खाली खडू आणि टेप घेऊन. रस्त्याकडेला मी बांबूची काठी रोवून तिला कारखान्यातलं सगळ्यात बारीक सूत बांधलं होतं. सूत सरळ लोंबलं की वारा नाही, सूत हललं की थांबायचं. हे उपकरण मी स्वतः शोधलं होतं आणि आजही मला त्याचा अभिमान आहे.

मी घरचाच पांढरा शर्ट घातला होता. ऐसपैस. आमच्या घराण्यात कपडा अंगाला चिकटून घ्यायची पद्धत नाही.

शर्यतीच्या सायकलवर बसायचं म्हणजे साष्टांग नमस्कार घालता घालता मध्येच थांबायचं. हँडल खाली, सीट वर आणि ती सीट म्हणजे सुरीची मूठ. माझी हनुवटी हँडलवर आणि बाकीचा मी आभाळाकडे अशी स्थिती झाल्यावर नवनाथ म्हणाला, "सूत सरळ आहे साहेब. सोडू का?"

"सोड," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या गंभीरपणे मी दुसऱ्या कोणालाही सोड म्हटलेलं नाही.

पहिली फेरी दोनशे अकरा मीटर. दुसरी दोनशे तेरा. तिसऱ्या फेरीत कुत्रं आडवं आलं. ती फेरी बाद धरून पुन्हा घेतली. भारतीने शेऱ्यात लिहिलं, 'कुत्रा आडवा. हे शेतात. कुत्रा सुखरूप.' मी ते खोडायला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, जे घडलं ते लिहायचं?" वहीबाबत मी कारखान्यातल्या पोरांना रोज हेच सांगतो, त्यामुळे शेरा तसाच राहिला.

मधुराच्या सायकलच्या दहा फेऱ्या होईपर्यंत आठ वाजले आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं जमू लागली. परवानगीची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली असावी. सिनेमाचं चित्रीकरण आहे अशी बातमी पार अथाल गावापर्यंत पोहोचली होती. बंदोबस्ताला एक हवालदारही आले. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एका बाईने त्यांना विचारलं, "हिरो कुठंय?"

हवालदारांनी काठीने माझ्याकडे दाखवलं.

"ह्यो?" ती बाई म्हणाली. मग मोळी सावरून निघून गेली. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत इतका थोडक्यात अहवाल मी पाहिलेला नाही.

आता कल्पेशभाईंची सायकल. पहिल्या दोन फेऱ्या दोनशे बारा आणि दोनशे चौदा. म्हणजे फार काही फरक नाही. मला जरा आश्चर्य वाटलं, पण दहा फेऱ्या झाल्याशिवाय मत बनवायचं नाही हा नियम आहे. तिसऱ्या फेरीत प्लास्टिकच्या दाण्यांची पिशवी फुटली. दाणे रस्ताभर सांडले आणि खडू घेऊन पळत येणारे कल्पेशभाई त्या दाण्यांवरून असे घसरले, असे घसरले की त्यांचंच अंतर मोजण्यासारखं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरोपेक्षा हा बरा, असं कोणीतरी गुजरातीत म्हणालं.

"अरे मारी कंबर!" कल्पेशभाई रस्त्यावर बसून म्हणाले. "प्रभाकरभाई, लिहून ठेवा, माल माझाच आहे. एकदम स्मूथ."

अर्धा तास आम्ही सगळे, हवालदार धरून, दाणे झाडत होतो. पिशवीच्या जागी भारतीने बाजारासाठी घेतलेले दोन किलो बटाटे बांधले. तीन, चार, पाच, सहा. सगळ्या फेऱ्या दोनशे अकरा ते दोनशे पंधराच्या मधल्या.

आणि सहाव्या फेरीच्या शेवटी ते घडलं. सायकल थांबली, मी डावीकडे उतरलो, माझ्या शर्टाचं मागचं टोक सीटच्या मागे अडकलेलं होतं ते उतरलं नाही. सायकल उजवीकडे पडली. मी डावीकडे पडलो. शर्ट दोघांच्या मध्ये कॉलरपासून खालपर्यंत फाटला. एक बाही सायकलकडे गेली, एक माझ्याकडे राहिली.

"घरी चला," भारती म्हणाली.

"चार फेऱ्या राहिल्यात," मी म्हणालो. तपास अर्धवट सोडणारा माणूस मी नाही. मी बनियनवर सायकलला टेकून उभा राहिलो, आणि नेमकी त्याच वेळी वासोण्याच्या सफारी पार्कात सिंह बघायला चाललेली एक मोटार माझ्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली. आत आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर आणि दोन पाहुणे होते.

"खैरनार?"

"सर."

"काय चाललंय?"

"टेस्टिंग, सर."

"कशाचं?"

"हवेचं, सर."

सरांनी माझ्याकडे, बटाट्यांकडे आणि सुताच्या काठीकडे पाहिलं. काच वर गेली. पाहुण्यांना सिंह पाहायचे होते, पण मोटार वळणाआड जाईपर्यंत त्यांच्या माना माझ्याकडेच होत्या. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी शिरलो की माणसं पंख्याकडे बघून 'रीडिंग काय आलं?' असं एकमेकांना विचारू लागली. ते मी गिळलं. मुलीसाठी माणूस काय काय गिळतो.

उरलेल्या चार फेऱ्या मी बनियनवर केल्या. दोनशे सत्तावीस, दोनशे एकोणतीस, दोनशे अठ्ठावीस, दोनशे अठ्ठावीस. लोक पांगले होते. नवनाथ म्हणाला, "आता पळू राहिली साहेब सायकल! बटाट्याचा गुण."

मी तिथेच खुर्चीत बसून सरासरी काढली. मधुराची सायकल दोनशे बारा, कल्पेशभाईंची दोनशे एकोणीस. सात मीटरचा फरक! माझे डोळे भरून आले. दोष सायकलचा होता, रीडिंग हातात होतं.

संध्याकाळी मधुराला समोर बसवून मी निकाल वाचून दाखवला. "सिद्ध झालं. दम कमी नाही तुझा. सायकल कमी आहे. हवा अडवते ती."

"मग कल्पेशकाकांची घेऊ?" तिने विचारलं.

ती तिला चार इंच मोठी होती, पाय टेकत नव्हते. हे मलाही माहीत होतं. तशी नवी आणणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

"तेच तर म्हणतोय," मी हळूच म्हणालो. "आता तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही. सायकल आपण माळ्यावर ठेवू, आणि तू शांतपणे अभ्यासाला लाग."

मला वाटलं होतं तिच्या मनावरचं ओझं उतरेल. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. "दम नाही असं असतं तर मी अजून मेहनत केली असती बाबा," ती म्हणाली. "सायकलचं मी काय करू?"

ती उठून खोलीत गेली. जाताना टेबलावरची वही घेऊन गेली. भारती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "मोजलंत?" आणि स्वयंपाकघरात गेली. मी एकटाच बसून राहिलो. मला खरंच कळेना, मी वाईट काय केलं.

सोमवारी पहाटे साडेपाचला मला कोणीतरी हलवलं. मधुरा पलंगापाशी वही घेऊन उभी होती.

"बाबा, तुम्ही सरासरी काढलीत. आकडे वाचलेत का?"

"म्हणजे?"

"कल्पेशकाकांच्या सायकलच्या पहिल्या सहा फेऱ्या आपल्याइतक्याच आहेत. सातवीपासून एकदम पंधरा मीटर वाढले. सातवीला काय झालं?"

"काय झालं?"

तिने शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे भारतीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'शर्ट फाटला. पुढील सर्व फेऱ्या बनियनवर. ऐकत नाहीत.'

बावीस वर्षं मी ऑपरेटरांना ओरडत आलोय की शेरा वाचल्याशिवाय सही करायची नाही. स्वतःच्या बायकोचा शेरा मी वाचला नव्हता.

आम्ही दोघंच उतारावर गेलो. गर्दी नव्हती, हवालदार नव्हते, सूत सरळ होतं. मधुराचीच सायकल, मी बनियनवर. दोनशे सत्तावीस. मग वरून माझा दुसरा ऐसपैस शर्ट चढवला. दोनशे बारा. पुन्हा बनियन, दोनशे अठ्ठावीस. पुन्हा शर्ट, दोनशे अकरा. सायकल तीच, रस्ता तोच, बाप तोच.

"हवा सायकल अडवतच नव्हती," मी धापा टाकत म्हणालो. "हवा माझा शर्ट अडवत होती!"

मधुराने पाठीवरच्या बॅगेतून आपली निळी जर्सी काढली, झटकली आणि अंगाला लावून माझ्यासमोर उभी राहिली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड उरलं होतं. जर्सीचे खांदे तिच्या दंडावर आले होते.

मला वापीचं ते दुकान आठवलं. दुकानदार म्हणाला होता, बेनला स्मॉल बसेल. मी म्हणालो होतो, लार्ज द्या, वाढतं अंग आहे. आमच्याकडे कपडा नेहमी वाढत्या अंगाचा घेतात. पाचवीत घेतलेली खाकी पँट मी दहावीपर्यंत घातली, आणि आजही माझे शर्ट मी वाढत्या अंगाचेच घेतो. अंग आडवं वाढतं, पण वाढतं. जर्सी पहिल्यांदा घातली तेव्हा मधुरा म्हणाली होती, "बाबा, ही फडफडते." आणि मी म्हणालो होतो, "फडफडू दे. हवा खेळती राहते."

शिवाय बायडाबाईंनी मला सांगितलं होतं, आणि मी चिमटे आणले होते.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. तिचा दम कमी नव्हता. सायकलही कमी नव्हती. नऊ सेकंद मी स्वतः दुकानातून पिशवीत घालून आणले होते. "मधू," मी म्हणालो, "चुकलं माझं." हे शब्द मी तिला याआधी कधी म्हटले नव्हते. म्हणताना वाटलं तेवढं अवघड गेलं नाही.

"उठा बाबा, तुमची पाळी आहे आठची," ती म्हणाली, पण माझा हात धरूनच तिने मला उठवलं.

त्या संध्याकाळी भारतीने मशीन काढलं. मधुराला उभं करून टाचण्या लावल्या आणि जर्सी दोन्ही बाजूंनी आत घेतली. जास्तीचं कापड मात्र कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. "असू दे," ती म्हणाली, "लागलं तर उसवता येईल." मधुराने कपाळाला हात लावला. मला मात्र ते मनातून पटलं होतं. वहीत मी शेवटच्या ओळीपुढे शेरा लिहिला, 'दोष तपासनिसाचा,' आणि खाली सही केली.

दुसऱ्या चाचणीला मी परत त्याच पट्टीजवळ उभा होतो. कल्पेशभाई कंबरेला पट्टा बांधून आले होते, नवनाथ रजा टाकून. मधुरा आली तेव्हा झेंडा वगैरे काही फडकत नव्हता. तिचे खांदे, पाठ, हात सगळं स्पष्ट दिसत होतं आणि ती किती जोरात पाय मारतेय हे मला पहिल्यांदा दिसलं. घड्याळ थांबलं. ती दुसरी होती, तिसरीपेक्षा चार सेकंद आधी. कल्पेशभाईंनी मला मिठी मारली, पट्टा विसरले आणि ओरडले.

"जर्सीनेच सगळं केलं असं सांगत फिरू नका हं बाबा," मधुरा धापा टाकत म्हणाली. "पाय माझे होते."

"लिहून देतो," मी म्हणालो.

मग संघात निवड झालेल्या मुलामुलींची आणि पालकांची टेबलासमोर रांग लागली. प्रदेशाच्या संघाच्या जर्सी यायच्या होत्या आणि एक बाई मापं लिहून घेत होत्या. आमचा नंबर आला.

"साईज?"

माझं तोंड आपोआप उघडलं. भारतीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"स्मॉल," मधुरा म्हणाली.

"धुतल्यावर आटते हं," बाई म्हणाल्या. आणि मागच्या रांगेतून तीन-चार पालकांचा एकदम आवाज आला, "मोठीच घ्या ताई! एक साईज मोठी घ्या! वाढतं अंग आहे!"

मी मागे वळलो. मधुरा माझ्या खांद्याला लागली होती, पंधराव्या वर्षापासून लागत होती. दोन वर्षं झाली तिची उंची थांबून, आणि हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. बावीस वर्षं केसभर जाडी ओळखणाऱ्या माणसाच्या.

"नाही," मी म्हणालो. "तिचं अंग वाढून झालंय."

माझा आवाज जरा कापला. पण मागच्या रांगेला ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मी घसा खाकरून पुन्हा एकदा तेच सांगितलं.